चांभारचौकशी केल्याशिवाय सीट बसत नाही

"दिवसाला किती तास चालवतोस? चढावर जास्त की हायवेला? मागे कुणी बसतं का? दुखतं ते नेमकं कुठे, माकडहाडाशी की मांडीच्या आतून? सिग्नलला थांबलास की दोन्ही टाचा टेकतात का?"

दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की माझे हे प्रश्न सुरू होतात. मागच्या मे महिन्यात एक मुलगा बुलेटची सीट काखेत मारून आला होता. लडाखला निघायचं होतं, घाईत होता. चौथ्या प्रश्नाला वैतागून म्हणाला, "मावशी, कशाला एवढ्या चांभारचौकशा? नक्षी कुठली पाहिजे ते सांगितलंय ना." बोलला आणि लगेच जीभ चावली. माझ्या मागे भिंतीवर रोहिदास महाराजांचा फोटो आहे, तो त्याला दिसला असावा. मी रागावले नाही. स्टूल पुढे केलं आणि म्हटलं, "बाळा, मी चांभाराचीच लेक आहे, आणि चौकशी केल्याशिवाय सीट बसत नाही."

तो शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नको तिथे नाक खुपसलं की मराठीत ती चांभारचौकशी. उगाच जागा भरायला माणसं किंवा मजकूर घुसडला की ती खोगीरभरती. हा दुसरा शब्द तर वर्तमानपत्रात दर आठवड्याला वाचायला मिळतो. दोन्ही शब्द माझ्या धंद्यातले आहेत आणि धंद्यात दोन्हींचा अर्थ उलटा आहे. कुठे चावतं हे विचारल्याशिवाय चप्पल पायाला बसत नाही. खोगीर नीट भरलं नाही, भरती एका बाजूला गोळा झाली, तर घोड्याच्या पाठीला जखमा होतात. भरती हा खोगिराचा जीव. मोटारसायकलच्या सीटचंही तसंच. नक्षी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, पण माणूस बसतो तो भरतीवर.

आमच्या कामाचे शब्द असे लोकांच्या तोंडी आहेत, आणि कामाला स्वतःचं नाव मात्र नाही. ते मिळालं पाहिजे, एवढंच सांगायला मी हे लिहिते आहे.

आमचं दुकान भांडुप पश्चिमेला, तुळशेतपाड्याकडे चढत जाणाऱ्या रस्त्याला. दहा बाय बाराचा गाळा, पाटीवर 'सीट कव्हर' एवढंच. आमचे हे कुर्ल्याला सीएसटी रोडवर फोम कापायला शिकले आणि १९९४ मध्ये इथे स्वतःचं दुकान टाकलं. सासरे इथल्या टायरच्या कारखान्यात होते. पाळी सुटली की स्टेशनबाहेर पोतं अंथरून गटईकाम करायचे. तेव्हा एलबीएस रोडच्या कडेने टायरचा, रंगाचा, नटबोल्टचा असे कारखाने ओळीने होते, सासूबाई भोंग्यावर स्वयंपाकाची वेळ धरायच्या. आता त्यातल्या बऱ्याच जागी टॉवर आहेत आणि आमच्याकडे येणाऱ्या गाड्या त्या टॉवरांत घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलांच्या असतात.

माझं माहेर सेनापती कापशी, तालुका कागल. कोल्हापुरी चपलेतला कापशी हा प्रकार आमच्या गावच्या नावाने ओळखला जातो. गाव सेनापती घोरपड्यांच्या जहागिरीचं, म्हणजे घोडेस्वारांचं. आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांकडे वाड्यावरची खोगिरं दुरुस्तीला यायची. मला ती पाहायला मिळाली नाहीत. मी पाहिली ती चपलांची चळत, आणि नऊ वर्षांची असल्यापासून वेणी घातली. चपलेच्या पट्ट्यावर चामड्याच्या बारीक वाद्यांची जी वेणी असते ती आमच्याकडे घरातल्या बायकाच घालायच्या. तळ कापायचा, ठोकायचा तो पुरुषांनी. बोटांना ती ओढ एकदा कळली की विसरत नाही. वादी किती ताणली म्हणजे तुटायच्या आधी थांबेल हे डोळ्यांना कळत नाही, बोटांनाच कळतं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा दुकानात सगळं रेक्झिन. पंधरा-सोळा वर्षं मी रेक्झिनच शिवलं, त्यावर संसार झाला, त्याला नावं ठेवणार नाही. मग एक निवृत्त काका जुनी येझदी घेऊन आले. सीट उघडली. रेक्झिनखाली रेक्झिन, त्याखाली आणखी एक, असे तीन थर निघाले. सगळ्यात खाली काथ्या, आणि काथ्याला चिकटून हाताएवढा एक चामड्याचा तुकडा. कुणीतरी कधीतरी चामड्यानेच ठिगळ लावलं होतं. वरचे तीन थर हाताने फाटत होते, चामडं तेल लावल्यावर परत वाकायला लागलं. काकांना विचारलं, "चामड्याची करू का सगळी?" ते हो म्हणाले. ती माझी पहिली सीट.

नक्षीचं काम पुढे आलं. मुलगा पवईला नोकरी करतो, त्याने मोबाइलवर दाखवलं की अमेरिकेत खोगिरांवर फुलं-पानं कोरतात. वायोमिंगमध्ये शेरिडन नावाचं गाव आहे. तिथले खोगीर कारागीर डॉन किंग यांनी रानगुलाबांची वळणदार नक्षी बसवली आणि आज जगात कुठेही ती 'शेरिडन' म्हणूनच शिकवतात. एका छोट्या गावाचं नाव अख्ख्या शैलीला लागलं. मी ती शिकले, करतेही. पण माझा हात रमतो तो करवतीच्या दात्यांच्या काठावर आणि वेणीच्या गुंफणीत. ते माझ्या आईचं आहे.

काम कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण भाव करताना लोकांना वाटतं की छापा मारला आणि झालं.

बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारात कमावलेलं असतं. लवकर तयार होतं, मऊ असतं, पाणी सोसतं. पण त्यावर ठसा मारला की ते उशीसारखं परत फुगतं. नक्षीला लागतं ते झाडाच्या सालीत, हिरडा-बाभळीत कमावलेलं. त्याला कित्येक आठवडे जातात. ते ओलं केलं की मातीसारखं ऐकतं, आणि वाळलं की ऐकलेलं लक्षात ठेवतं. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा मी रात्री भिजवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते. सकाळी उघडला की रंग गडद असतो, तेव्हा हात लावायचा नाही. वरचा रंग परत मूळ फिका व्हायला लागतो, पण गालाला लावला तर थंड लागतो, तीच वेळ. हातापेक्षा गालाला ती थंडी नीट कळते. त्याआधी ठोकलं तर ठसा पसरतो, नंतर ठोकलं तर चामडं ऐकत नाही.

मग फिरत्या पात्याच्या सुरीने रेघ ओढायची. निम्म्या जाडीच्या खाली जायचं नाही. पाकळीची रेघ एका दमात, मध्ये थांबलं तर तिथे गाठ दिसते आणि ती पुसता येत नाही. नंतर ठसा तिरका धरून, मोगरीने हलके ठोके देत रेघेची एक कड दाबत न्यायची. कड दबली की दुसरी बाजू आपोआप वर आल्यासारखी दिसते, पाकळी उठते. ठोक्याचा आवाज सारखा राहिला तर दाब सारखा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला माझ्या ठोक्यांवरून कळतं की आज फूल चाललंय की काठ. एका सीटला असे किती हजार ठोके बसतात ते मी मोजलेलं नाही. दिवस मोजले आहेत. नुसत्या नक्षीला पाच ते सहा जातात.

शिवण दोन सुयांची. एकच मेणवलेला दोरा, दोन्ही टोकांना सुई, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात. एक टाका घासून तुटला तरी शेजारचे टाके आपल्या जागी बसून राहतात. मशीनची शिवण वरच्या आणि खालच्या दोऱ्याच्या अडकणीवर उभी असते, ती तुटली की उसवत जाते. दोन सुयांची शिवण जगभर खोगीरवाल्यांची म्हणून ओळखली जाते. माझे वडील तिला काही नाव देत नव्हते, ते नुसतं "शिव" म्हणायचे.

एक गोष्ट मी कुणी कितीही सांगितलं तरी करत नाही. बसायच्या जागेवर नक्षी कोरत नाही. तिथे पाणी साचतं, घाम जातो, पँट घासते, वर्षभरात फुलाचा चोथा होतो. नक्षी बाजूंना आणि मागच्या कडेला, बैठक साधी. पावसाळ्याचंही आधीच सांगते. जून ते सप्टेंबर सीटवर टोपी चढवा, भिजली तर उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा, मग मेण आणि थोडं तेल. तेल जास्त झालं तर ठसे बोथट होतात. मुंबईच्या हवेत चामड्याला बुरशी येते हे लपवून विकणं मला जमत नाही. ज्याला एवढी निगा होणार नाही त्याला मी रेक्झिनच घ्यायला सांगते.

आता नावाचं. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे आणि चांगली आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडलं की २ लाखांचं कर्ज. मला चांगल्या ठशांचा एक संच घ्यायचा होता. मी नोंदणीला गेले. योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, होड्या बांधणारे, जाळी विणणारे, हारवाले आणि चर्मकारही, पण ते पादत्राणं करणारे. नोंदणी करणाऱ्या मुलाने विचारलं, "ताई, शिंपी लिहू की चर्मकार?" मी म्हटलं, मी कपडे शिवत नाही आणि चपला करायचं सोडून कितीतरी वर्षं झाली. तो बिचारा यादी वरखाली करत राहिला. त्याच्या यादीत जे नव्हतं ते तो कुठून आणणार? शिवाय एका कुटुंबातून एकालाच नाव देता येतं. आमची सीट दोघांची असते. फोम, पत्रा, बैठकीचा आकार ह्यांचा. चामडं, नक्षी, शिवण माझी. कुणाला कारागीर म्हणायचं? मी न नोंदवता घरी आले.

काही जण म्हणतील, चर्मकार लिहून टाकायचं, पैशाशी मतलब. पण प्रशिक्षण त्या व्यवसायाचं मिळतं. मला पायाचा फरमा नको आहे. आणि माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलीला मी उद्या काय सांगू की तिला काय येतं?

खोगिराच्या कामाला आपल्याकडे नाव नव्हतं असं मुळीच नाही. जीन करणारे ते जीनगर. पेठांमधून त्यांच्या आळ्या होत्या. घोडदळं गेली, पेशवाई १८१८ ला संपली, पुढे गाड्या आल्या. जीनगरांनी धातुकाम धरलं, लाकूड धरलं, रंग आणि चित्रं धरली. हात हुशार होते म्हणून जगले. पण जीन करायचं काम त्या नावापासून सुटलं ते सुटलंच. पुढे घोड्याच्या जागी फटफटी आली, तिच्यावरही माणसाला बसायचंच होतं, तेव्हा तिची बैठक करणारा 'सीटवाला' झाला. म्हणजे पोटापुरती ओळख मिळाली, वारसा मिळाला नाही.

बाहेर काय झालं बघा. हर्मेस नावाची पॅरिसची कंपनी, जिच्या पिशव्यांच्या किमती ऐकून आपण डोळे विस्फारतो, ती १८३७ मध्ये घोड्यांचा साज करणाऱ्याचा कारखाना म्हणून सुरू झाली. अजून तिथे दोन सुयांची शिवण घालतात आणि ती खोगीरवाल्यांची शिवण आहे हे अभिमानाने सांगतात. बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रुक्स. १८६६ मध्ये घोड्याच्या सामानाचा धंदा काढला. घोडा मेला म्हणून सायकलवर बसायला लागले, ते आसन इतकं टोचलं की स्वतःच चामड्याचं करायला घेतलं आणि १८८२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दीडशे वर्षं होत आली, ब्रुक्सची चामड्याची सीट अजून सायकलवाले शोधून घेतात. घोडा गेला तरी त्यांनी खोगीरवाल्याचं नाव सोडलं नाही.

नावाने काय होतं ते आम्ही कोल्हापूरकरांनी नुकतंच पाहिलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या कार्यक्रमात तशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख न करता. गावोगावचे कारागीर, संघटना उठून बोलल्या, कंपनीला मान्य करावं लागलं, आणि पुढे तिने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. चपलेचं नाव कागदावर होतं म्हणून बोलता आलं. उद्या कुणी माझी करवतीची कड सीटवर उचलली तर मी काय म्हणून बोलू? सीट कव्हरवाली म्हणून?

जातीचंही बोलायला हवं, कारण ते प्रत्येक टाक्यात आहे. नक्षीचं चामड्याचं काम करणारे शिकलेले तरुण आता शहरात बरेच आहेत, काहींची कामं फार सुंदर असतात, दोघे-तिघे माझ्याकडे सुरी धरायला शिकूनही गेले. त्यांना लोक 'लेदर आर्टिस्ट' म्हणतात. म्हणावं. पण तेच काम स्टेशनबाहेर पोत्यावर बसून करणारे माझे सासरे आयुष्यभर 'ए चांभार' होते. आमच्या घरातली मुलं चामड्याला हात लावायला तयार नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. माझ्या मुलाने मला नक्षी दाखवली, स्वतः कधी मोगरी उचलली नाही. शिव्यांच्या जागी नाव आलं, मान आला, रास्त दाम आला, तरच पुढचा हात येईल.

दामाचं सांगते. चामडं मी धारावीतून आणते. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून इथलं ते चामडं मिळणं अवघड झालं. आता म्हशीचं घेते, किंवा तमिळनाडूत दिंडिगल-त्रिचीकडे सालीत कमावलेलं. म्हशीचा पोत राकट, बारीक पाकळी त्यावर रुसते, म्हणून फुलं मोठी काढावी लागतात. चौरस फुटावर पैसे मोजावे लागतात आणि सीटच्या वळणामुळे बरंच कापात जातं. रेक्झिनचं कव्हर सात-आठशेत होतं आणि तासाभरात चढतं. माझी सीट दहा दिवसांची. दहा दिवस दोन माणसांची मजुरी आणि चामडं, एवढाच हिशेब मी गिऱ्हाईकाला कागदावर लिहून देते. जो तो कागद वाचतो तो सहसा घासाघीस करत नाही.

आणि हे फक्त हौशी बुलेटवाल्यांचं काम आहे असं कुणी समजू नये. गेल्या वर्षी खिंडीपाड्याचा एक मुलगा आला. दहा-अकरा तास गाडीवर, सामान पोचवायचा. कंबर धरलेली, गोळ्या खाऊन दिवस काढायचा. नक्षीचे पैसे त्याच्याकडे नव्हते आणि त्याला नक्षी नकोही होती. मी खोक्याचा जाड पुठ्ठा स्टुलावर ठेवला आणि त्याला दोन मिनिटं ताठ बसवलं. उठला तेव्हा पुठ्ठ्यावर दोन खळगे पडले होते, बसायची दोन हाडं जिथे टेकतात तिथे. त्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजलं. गाडीबरोबर आलेली सीट तिथे नेमकी उतरती होती, त्यामुळे तो दिवसभर पुढे घसरत होता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत होता. ह्यांनी फोम उतरवला, मागे कडक थर, वर मऊ, पुढची बाजू दोन बोटं उचलली. मी वर साधं चामडं घातलं, एक फूल नाही, एक टाका बसायच्या रेषेवर नाही. दोन महिन्यांनी तो परत आला, कंबर बरी आहे म्हणाला आणि मित्राची गाडी घेऊन आला होता.

ही चौकशी, ही भरती, ही शिवण आणि त्यावरची नक्षी, हे सगळं मिळून एक काम आहे. त्याला खोगीरकाम म्हणा, जीनकाम म्हणा, बैठकीचं काम म्हणा. पण विश्वकर्मा योजनेच्या यादीत ते एकोणिसावं म्हणून यावं, आणि नवरा-बायको दोघं मिळून एक वस्तू करत असतील तर दोघांची नावं लागावीत. आपल्या राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. त्यांनी चपलेच्या बरोबरीने खोगिराच्या शिवणीचा आणि नक्षीचा वर्ग काढावा. शिकवायला मी येईन, माझ्या ओळखीतले आणखी चार जण येतील.

ज्यांच्या हातात ही यादी आहे त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एकदा भांडुपला यावं. सकाळी अकराच्या आत आलात तर बरं, तोपर्यंत दारातून उजेड थेट ठोकायच्या दगडावर पडतो आणि पाकळी कशी उठते ते नीट दिसतं. येताना शक्यतो दुचाकीवर या. पुठ्ठा तयार असतो, तुमची बैठकही बघून ठेवीन.